ऑर्हुसच्या बंदरावर फ्रेंच बिस्त्रोत जेवायला जाताना

डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला मुलांकडे जाणार असाल तर एक संध्याकाळ बिस्त्रोसाठी, म्हणजे छोट्या साध्या फ्रेंच खानावळीसाठी, राखून ठेवा आणि ती गोव्यातून निघायच्या आधीच ठरवा. तिथे पोचल्यावर बघू म्हटलं की राहूनच जातं. मुलं कॉलेजात आणि कामात असतात, आपण घरी हुमण-भात करून त्यांना खाऊ घालण्यात रमतो आणि बघता बघता परतायची तारीख येते.

मी पर्वरीच्या केटरिंग कॉलेजात शिकलो आणि पुढची सगळी नोकरी पणजीतल्या हॉटेलांच्या डायनिंग हॉलमध्ये केली. फ्रेंच पदार्थांची नावं, कशाबरोबर कुठला सॉस, कशाला कुठला काटा, हे आमच्याकडून घोटून घेतलेलं. लेक ऑर्हुस विद्यापीठात शिकायला गेली तेव्हापासून माझं आणि पत्नीचं तिकडे जाणं-येणं आहे. फोंडा, म्हापसा, डिचोलीकडचं ओळखीचं कोणी निघालं की फोन येतो. आपल्याला चालेल असं तिकडे काय मिळतं? बीफ-पोर्क सोडून काही असतं का? बाहेर जेवणं एवढं महाग, मग जायचं तरी कशाला? त्या सगळ्यांना मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर हे बंदराचं गाव आहे, तिथल्या बिस्त्रोत दर्याचं खा. आणि जे चालत नाही ते टेबल बुक करतानाच कळवा, ताट समोर आल्यावर सांगून उपयोग नसतो.

जागा कशी निवडावी

ऑर्हुस हे कोपनहेगनखालोखाल डेन्मार्कचं सगळ्यांत मोठं शहर, यूटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर. कोपनहेगनला उतरलात की तिथून ट्रेनने साधारण तीन-साडेतीन तास. शहरातून एक छोटी नदी बंदराकडे वाहते. १९३०च्या दशकात ती झाकून वरून रस्ता केला होता, १९९०च्या दशकात ती परत उघडायला घेतली. आता तिच्या काठाने ओळीने कॅफे आणि रेस्टॉरंटं आहेत. उन्हाच्या दिवशी तिथे बसायला छान वाटतं, पण गर्दी फार आणि मेनू सगळ्यांचे जवळपास सारखे. बिस्त्रोसाठी मी लोकांना तिथून थोडं पुढे, कॅथेड्रलच्या मागच्या लॅटिन क्वार्टरमध्ये पाठवतो. दगडी फरशीचे अरुंद रस्ते, जुनी बुटकी घरं, त्यांच्या तळमजल्यावर पंधरा-वीस टेबलांच्या जागा. खूण सोपी आहे. हे कॅथेड्रल सुमारे ९३ मीटर लांब, डेन्मार्कमधलं सगळ्यांत लांब चर्च आहे आणि रेल्वे स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचता येतं. जुन्या कंटेनर डॉकच्या जागी ऑर्हुस ओ नावाची नवी वस्ती उभी राहिली आहे, तिथेही पाण्याला लागून जेवायच्या जागा आहेत, पण वारा असा सुटतो की जुलैतसुद्धा बाहेर बसवत नाही.

खरी बिस्त्रो ओळखायची तर दारावर लावलेला मेनू वाचा. चार-पाच स्टार्टर, तेवढेच मुख्य पदार्थ, तीन डेझर्ट, आणि आजचा मासा फळ्यावर खडूने लिहिलेला असेल तर आत जा. त्याच कागदावर बर्गर, पास्ता, नाचोसही असतील तर तो कॅफे आहे. तिथेही पोट भरेल, पण आपण ज्यासाठी निघालो ते मिळणार नाही. पॅरिसमधली बिस्त्रो मुळात साध्या माणसांची जागा. ऑव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातून आलेले लोक पॅरिसमध्ये कोळसा-लाकूडफाटा विकत आणि त्याच दुकानात वाइनचा पेला देत, पुढे जेवणही देऊ लागले. थोडे पदार्थ, रोज तेच, आणि तेच नीट केलेले, ही पद्धत तिथली. मोठी, दिवसभर चालणारी, लांबलचक मेनूची ती ब्रासरी.

डेन्मार्कमध्ये फ्रेंच स्वयंपाक कुठून आला, असं लेकीने विचारलं होतं. तिथल्या वरच्या दर्जाच्या हॉटेलांत पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच पद्धतीनेच रांधत. २००४मध्ये तिकडच्या शेफनी एकत्र येऊन आपल्या मातीतलं वापरायचं असा जाहीरनामा काढला आणि नॉर्डिक जेवणाची लाट आली, तरी बिस्त्रो टिकून राहिल्या. राजघराण्यातही फ्रान्स होताच. २०२४मध्ये पायउतार झालेल्या राणी मार्गरेथे यांचे पती प्रिन्स हेन्रिक जन्माने फ्रेंच. १९६७मध्ये त्यांचं लग्न झालं आणि दक्षिण फ्रान्समधल्या काओर भागात त्यांनी द्राक्षमळाही घेतला. त्यांचा उन्हाळी मुक्कामाचा मार्सेलिसबोर्ग राजवाडा ऑर्हुसमध्येच आहे. बाग बघायला जा, राजघराणं मुक्कामी नसलं की ती लोकांना खुली असते.

टेबल बुक करणं

शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ हवी असेल तर आठ-पंधरा दिवस आधी बुक करा. बहुतेक बिस्त्रोंचं बुकिंग त्यांच्या वेबसाइटवरून होतं, इंग्रजीत सगळं असतं. रविवार-सोमवार बऱ्याच जागा बंद ठेवतात. त्यामुळे सोमवार पाळणाऱ्यांची सोय आपोआप होते, पण संकष्टी-एकादशी मात्र कॅलेंडरवर बघून घ्या.

वेळेचं लक्षात ठेवा. डॅनिश माणूस संध्याकाळी सहाला जेवतो. बिस्त्रोत अनेकदा दोन पाळ्या असतात, एक साडेपाच-सहाची आणि दुसरी आठच्या सुमाराची. पहिल्या पाळीचं टेबल दोन-अडीच तासांनी सोडावं लागतं, हे बुकिंगच्या पानावरच लिहिलेलं असतं. आठची पाळी घ्या म्हणजे कोणी उठवणार नाही. नऊ-साडेनऊला किचन बंद होतं, तेव्हा आपल्याकडच्यासारखं साडेनऊला घरातून निघून चालत नाही. बुक करताना कार्डाचा नंबर मागतात. न कळवता गेला नाहीत तर माणशी दंड कापतात, म्हणून बेत बदलला तर मुदतीत रद्द करा. उशीर होणार असेल तर फोन करा, पंधरा मिनिटं वाट बघून टेबल दुसऱ्याला देतात.

पैशांचा विचार असेल तर दुपारचं जेवण घ्या. तेच किचन, तेच हात, पण पदार्थ थोडे लहान आणि बिल बरंच हलकं. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं जेवणही लख्ख उजेडात होतं. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो, तेव्हा मेणबत्त्या लावलेल्या त्या छोट्या खोल्यांत संध्याकाळीच जावं.

बुकिंगच्या फॉर्मवर खाली एक रिकामा चौकोन असतो, काही सांगायचं असेल तर इथे लिहा असा. बहुतेक लोक तो तसाच सोडतात. आपण सोडायचा नाही. त्यात सरळ इंग्रजीत लिहा की बीफ आणि पोर्क खात नाही, त्यांचा स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी), चरबी, बेकन यांपैकीही काही नको, मासे आणि शिंपल्या चालतात. घरात कोणी पूर्ण शाकाहारी असेल तर तेही वेगळं लिहा, आणि अंडं चालतं की नाही तेही लिहा. तिकडे शाकाहारी म्हटलं की अंडं-चीज धरूनच चालतात. किचनला दोन दिवस आधी कळलं तर ते तुमच्यासाठी वेगळा स्टॉक वापरतील, एखादा पदार्थ बदलून देतील. मी हॉलमध्ये काम केलेलं आहे. भर सर्व्हिसमध्ये असली विनंती आत घेऊन गेलं की शेफची इच्छा असूनही काही करता येत नाही, कारण सॉस सकाळीच झालेला असतो.

लपलेलं मांस

हे नीट वाचा, विशेषतः घरात बीफ न खाणारी माणसं असतील तर. फ्रेंच स्वयंपाकात मांस नावात दिसत नाही, तळाशी असतं.

कांद्याचं सूप घ्या. नाव ऐकून आपल्या लोकांना ते शाकाहारी वाटतं. तासभर मंद आचेवर तांबूस केलेले कांदे, वर पावाचा तुकडा आणि वितळलेलं ग्रुयेर चीज, दिसायला सगळं निर्मळ. पण परंपरेने ते बीफच्या स्टॉकमध्ये करतात. माशावरच्या गडद तपकिरी सॉसमध्येसुद्धा वासराच्या हाडांचा स्टॉक असू शकतो. सॅलडमध्ये बेकनचे बारीक तुकडे तळून टाकतात, गरम बकरीच्या चीजच्या सॅलडमध्ये तर वारंवार. कोक ओ व्हँ म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा, त्यातही बेकन असतंच. काही ठिकाणी फ्राइज बीफच्या चरबीत तळतात, चव चांगली येते म्हणून अभिमानाने तसं लिहितातही. पॅते आणि तेरीन हे मांस वाटून केलेले पदार्थ, बहुधा डुकराचे. गोडात थरथरणारं काही असेल तर जिलेटिन आहे का विचारा. काही फ्रेंच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजची थाळी टाळावी.

वेटरला विचारायला लाजू नका. युरोपियन युनियनच्या नियमाने ॲलर्जीचे १४ घटक विचारल्यावर सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे कशात काय आहे याची माहिती त्यांच्याकडे तयार असते. इंग्रजी सगळे उत्तम बोलतात.

मेनू डॅनिशमध्ये असेल तर काही शब्द ओळखता आले पाहिजेत. 'ओक्से' म्हणजे बीफ, 'काल्व' वासराचं, 'स्वीन' किंवा 'ग्रीस' डुकराचं, 'लाम' मेंढीचं, 'क्युलिंग' कोंबडी. बदकाचा शब्द मेनूवर हुबेहूब इंग्रजीतल्या 'अँड'सारखा लिहिलेला असतो, तो पदार्थाच्या नावातला 'आणि' समजून पुढे जाऊ नका. 'फिस्क' मासा, 'मुसलिंगर' शिणाणे (मसल्स), 'ओस्टर्स' कालवं, 'रायर' सुंगटं म्हणजे कोळंबी. 'तातार' लिहिलं असेल तर ते सहसा कच्चं बीफ, खिमा करून, वर अंड्याचा बलक.

बीफ खाणाऱ्यांसाठी स्टेक-फ्रीत हा बिस्त्रोचा मुख्य पदार्थ. आतून गुलाबी हा तिथला नेहमीचा शिरस्ता आहे. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, आणि बेआर्नेज सॉस घ्या. अंड्याचा बलक, लोणी आणि तारागॉन नावाच्या पाल्याचा तो सॉस चांगला जमला असेल तर समजा किचनमध्ये जाणकार माणूस आहे.

शिणाण्यांचं भांडं

आता ज्यासाठी जायचं ते. मूल मारिनिएर, म्हणजे वाइनमध्ये वाफवलेले शिणाणे, मागवा.

उत्तर यूटलंडमध्ये लिमफ्योर्ड नावाची खाडी आहे, डेन्मार्कचे शिणाणे बहुतेक तिथून येतात. आपल्याकडचे शिणाणे हिरव्या कडेचे आणि मोठे. तिकडचे काळे-निळे, अंगठ्याएवढे, आत नारिंगी मांस. आपण ते रव्यात घोळवून कुरकुरीत तळतो किंवा सुक्यात टाकतो. तिथे ते कांद्यासारख्याच पण गोडसर शॅलटबरोबर, लोणी, लसूण, पार्सली आणि पांढऱ्या वाइनमध्ये झाकण ठेवून पाच मिनिटं वाफवतात. बस, तेवढंच. म्हणूनच त्यात लपवायला जागा नाही. शिणाणे ताजे नसतील तर झाकण उघडताच कळतं, आणि ते ओळखायला गोव्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

भांडं टेबलावर झाकणासकट येतं. झाकण काढा आणि उलटं करून शेजारी ठेवा, रिकाम्या शिंपल्या त्यात टाकायच्या. पहिला शिणाणा काट्याने काढून खा. मग त्याच रिकाम्या जोडशिंपलीचा चिमटा करा, दोन बोटांत धरून पुढच्या शिंपलीतलं मांस चिमटून ओढा. काटा बाजूला ठेवून दिला तरी चालतो, तिथले सगळे हातानेच खातात. जी शिंपली शिजूनही उघडलेली नाही ती उघडायचा हट्ट करू नका, तशीच सोडा. वरचे संपले की तळाशी रस उरतो, खारट, लोण्याने जाड झालेला, शिणाण्यांच्या स्वतःच्या पाण्याचा. पाव मोडून त्यात बुडवा. पोदेराचा ताजा उंडो तिसऱ्यांच्या पातळ रश्यात बुडवून खाताना जे सुख असतं तेच हे. पाव संपला तर आणखी मागा, सहसा देतात.

आणि तिखट मागू नका. मला माहीत आहे, पहिल्या घासाला जीभ मिरची शोधते. पाच-सहा शिणाणे तसेच खा. थंड पाण्यातल्या शिंपलीचा जो गोडवा आहे तो मग लागायला लागतो, आणि तो आपल्या मसाल्यात कधी कळत नाही. माझ्या पत्नीने बॅगेत नेलेली लोणच्याची बाटली तिथे उघडावीशी वाटली नाही.

यात वाइन आहे हे ध्यानात ठेवा. शिजवल्यावर दारू पूर्ण उडून जाते असं म्हणतात, ते खरं नाही, थोडा अंश राहतो. ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी हे भांडं सोडून द्यावं आणि मासा घ्यावा.

कालवं बर्फावर कच्ची येतात, लिंबू आणि शॅलट घातलेल्या व्हिनेगरबरोबर. लिमफ्योर्डचं चपटं, गोल कालव हे युरोपचं मूळचं, थंडीच्या महिन्यांत मिळतं आणि महाग असतं. लांबट, खोलगट शिंपलीचं ते पॅसिफिक जातीचं. आपल्याकडे कालवं कोणी कच्ची खात नाही. गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी तिथेही खाऊ नयेत. बाकीच्यांनी एक घेऊन बघावं.

अख्खा मासा काट्याने सोडवणं

आमच्या लोकांना बिस्त्रोत सगळ्यांत जास्त धास्ती याचीच असते, म्हणून मी यावर जरा थांबतो. डेन्मार्कमध्ये 'रोड्स्पेटे' म्हणजे प्लेस हा मासा फार खातात. आपल्या लेपोच्या गोतातला, चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, पाठीवर नारिंगी ठिपके. फ्रेंच पद्धतीने तो मनिएर करतात. पिठात हलकेच घोळवून लोण्यात भाजायचा, लोणी बदामी होईपर्यंत तापवायचं, लिंबू आणि पार्सली घालून वरून ओतायचं.

ताटात अख्खा येईल. हाताने खायचा मोह होईल, पण सुरी-काट्याने तो हातापेक्षा सोपा सुटतो. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एक रेघ दिसते, तिच्याखाली मणका आहे. सुरीचं टोक त्या रेघेवरून हाडाला टेकेपर्यंत ओढा. मग सुरी आडवी धरून मणक्यापासून बाहेरच्या कडेकडे सरकवा, मांसाचा अख्खा पट्टा हाडावरून निसटून येतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता वरचे दोन पट्टे खाऊन झाले की शेपटीकडून काट्याने मणका उचला, फणीसारखी सगळी हाडं एकदम वर येतात. ती ताटाच्या कडेला ठेवा. खालचे दोन पट्टे हाडाशिवाय तुमची वाट बघत असतात. कडेला बारीक काट्यांची झालर असते तेवढी सोडा. अडलंच तर वेटरला सांगा, तो तुमच्यासमोर सोडवून देईल, हे काम आनंदाने करतात.

बरोबर बटाटे येतील. जूनमध्ये गेलात तर साम्सो बेटावरचे नवे बटाटे आहेत का विचारा. ऑर्हुसच्या समोरच्या समुद्रात हे बेट आहे आणि तिथले कोवळे, पातळ सालीचे बटाटे डॅनिश लोक वर्षभर वाट बघून खातात. त्याच दिवसांत पांढरं शतावर असतं, हॉलंडेज सॉसबरोबर. जूनच्या अखेरीला त्याचा मोसम संपतो.

शिवराकांसाठी, म्हणजे शाकाहारी माणसांसाठी, बिस्त्रो थोडी कठीण, हे मान्य करायला हवं. पण बटाटे-सायीचं ग्रॅतँ दोफिन्वा, भाज्यांची रातातुई, बेकन काढून बकरीच्या चीजचं सॅलड, अंडं चालत असेल तर ऑम्लेट, असं मिळून एक चांगलं जेवण होतं. आधी कळवलं असेल तर शेफ मोसमातल्या भाज्यांचं वेगळं काही करतो.

गोडात क्रेम ब्रुले. वरची साखर चमच्याने टकटक करून फुटली पाहिजे आणि खालची कस्टर्ड गार हवी. दोन्ही कोमट असेल तर ती आधीच जाळून ठेवलेली. सफरचंदाची तार्त तातँ मेनूवर असेल तर मी तीच घेतो.

पाणी, वाइन आणि बिल

नळाचं पाणी तिथे निर्धास्त पिण्याजोगं असतं, तरी बिस्त्रोत गार करून बाटलीत देतात आणि त्याचे पैसे लावतात. ते फसवणं नव्हे, मेनूवर लिहिलेलं असतं. वाइन मेनू म्हणजे प्रत्येक पदार्थाबरोबर एक पेला, त्याची किंमत जेवणाएवढीच होऊ शकते. एक पेला पांढरी वाइन शिणाण्यांबरोबर पुरते. मस्कादे असेल तर ती घ्या, लुआर नदीच्या मुखाकडची, समुद्राच्या खाण्याला तिच्याइतकी चपखल दुसरी नाही.

आत गेल्यावर कोट दाराजवळच्या हुकाला लावा आणि बसवायला कोणी येईपर्यंत थांबा. वेटरला हाक मारू नका, नजर मिळाली की हात किंचित वर करा. तिथे वेटर बऱ्याचदा विद्यापीठातलीच मुलं असतात, पाहुण्यांशी बरोबरीने बोलतात. त्यात उद्धटपणा नसतो, त्या देशाची रीतच तशी. जेवण झालं की सुरी-काटा ताटात शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर ताट उचलत नाहीत. बिल मागितल्याशिवाय कोणी आणून देणार नाही, कारण घाई करणं त्यांच्या लेखी असभ्य.

खर्चाचं सांगतो. मुख्य पदार्थ साधारण २०० ते ३०० क्रोनर. दोघांनी स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि एकेक पेला वाइन घेतली की बिल १,००० क्रोनरच्या आसपास जातं, म्हणजे सध्याच्या दराने १३-१४ हजार रुपये. मोठी रक्कम आहे. म्हणूनच मी म्हणतो, रोज पिझ्झा-बर्गरवर थोडे थोडे घालवण्यापेक्षा घरी रांधून खा आणि एकदाच इथे जा.

पैसे कार्डाने द्या. निघण्यापूर्वी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा आणि पिन पाठ असू द्या. मशीन विचारेल, रुपयांत की क्रोनरमध्ये? क्रोनर निवडा, रुपये निवडले की वाईट दर लागतो. मुलं मोबाइलवरून पैसे देताना दिसतील, पण त्या ॲपला डॅनिश बँकखातं लागतं, ते आपल्याला उपयोगाचं नाही. २५ टक्के कर आणि सेवेचा आकार किमतीत धरलेलाच असतो, वर काही द्यायची अपेक्षा नसते. मशीनवर टिपचा आकडा आला तर शून्य दाबायला संकोच नको. त्याऐवजी निघताना वेटरला सांगा की कुठला पदार्थ सगळ्यांत आवडला, नाव घेऊन सांगा. तो ते आत जाऊन किचनला कळवतो. आम्हीही कळवत असू.